अकरा सेकंद

मी तिथंच होतो.
गोळीबार चौकात, सकाळी सव्वाआठला,
पुष्पलता बारापात्रेच्या ठेल्यावर,
हातात तर्री-पोह्याची प्लेट,
तिनं न मागता वाढलेले वरचे चणे.
थंडी होती. सिमेंट रोडचं काम अर्धवट पडलेलं.
धूळ पोह्यांवर बसते म्हणून
ती मधूनमधून बादलीभर पाणी रस्त्यावर मारते.
मारते म्हणजे मारतेच, कमरेतून वळून, न बघता,
वीस वर्षांचा हात.
तेवढ्यात वळणावरून प्रचाराची मंडळी आली
आणि उमेदवाराचा पांढरा पायजमा
गुडघ्यापर्यंत भिजला.
"अरे बाप्पा!" ती म्हणाली.
तो हसला. "असू द्या ताई, आंघोळ राहिलीच होती."
तिनं प्लेट भरली. त्यानं पैसे दिले, तिनं घेतले.
एवढंच.

दुपारी भाच्यानं क्लिप पाठवली.
हात, बादली, पाणी, ओला पायजमा,
मग परत हात, आता सावकाश,
पाणी हवेत काचेसारखं थांबलेलं, मागे ढोल.
"अरे बाप्पा" नाही. हसणं नाही. पोहे तर नाहीतच.
वर ठळक अक्षरात: जनतेचा संताप.
चहाच्या वेळेला दुसरी आली.
तेच पाणी, तोच हात, या खेपेला सारंगी,
पुष्पलताच्या चेहऱ्याभोवती लाल गोल,
आणि खाली: ही बाई कोणी पाठवली?

चाळीस वर्षं प्रुफं तपासली मी.
नावातला एक अनुस्वार सुटला
तर दुसऱ्या दिवशी दिलगिरी छापायचो,
पान सात, खालचा कोपरा, बारीक टाइप.
कोणी वाचायचं नाही. पण छापायचो.
इथं काकपद कुठं घालू?
समासच नाही.
भाच्याला फोन केला, अरे नीलय, मी तिथंच होतो.
म्हणाला, "मामाजी, तुम्ही एकटे होते.
हे चार लाख लोकांनी पाह्यलं."

धकाते मास्तरही होते माझ्या शेजारी,
लिंबाची फोड शोधत, रस्त्याकडे पाठ करून.
बागेत फिरताना ते सगळ्यांना सांगत होते,
"तिच्या डोळ्यात आग होती बरं का. मी पाह्यली."
खोटं बोलत नव्हते. त्यांना ती दिसली होती,
रात्री, अंथरुणात, चष्मा लावून, सहा वेळा.

ठेल्यावर गर्दी वाढली.
पोरं यायची, "ताई, एकदा बादली घ्या ना हातात."
पहिले दोन दिवस तिनं झारा उगारला.
तिसऱ्या दिवशी घेतली. रिकामीच.
कमरेतून वळली, या वेळी बघून,
आणि भुवया आवळल्या,
क्लिपमध्ये आवळल्या आहेत तशा.
पोरांनी टाळ्या वाजवल्या. चाळीस प्लेटा जास्त गेल्या.

मतदानाच्या दिवशी, बोटाची शाई वाळायच्या आत,
मी पोहे खायला गेलो.
दोन्हीकडचे लोक तिच्याकडे बघत होते,
काही कौतुकानं, काही दातओठ खाऊन.
ती हात पुसत जवळ आली, हळूच म्हणाली,
"काका, तुमी होते न तवा.
खरं सांगा. मी रागात होती का?"

मी सांगायला डोळे मिटले.
चौक दिसला. पण रस्त्यापलीकडून, जरा उंचावरून,
जिथं मी कधी उभाच नव्हतो.
तिचा हात, पाणी, पायजमा.
आणि कडेला एक म्हातारा, पाठमोरा,
मफलर गुंडाळलेला, हातात प्लेट.
त्याला विचार, म्हणावंसं वाटलं, त्याला माहीत आहे.
तो मान वळवतोय
आणि नेमकं तिथंच
पहिल्यापासून सुरू होतं.