मागचे चार

उमसुनायची फिट अंगणात आली ती कुडकुडतच.
दोलोनच्या घाटात, म्हणाली, चढ लागला
की मागून कुणी पदर धरतं, सोडतं, पुन्हा धरतं.
बोनेट उघडायच्या आधी मी धुराशी वाकलो.
कच्च्या पेट्रोलचा वास.
आत कुणीतरी घास तोंडात घेत होतं
आणि गिळत नव्हतं.

कोचकोरात नोव्हेंबर म्हणजे पान्यालाही हातमोजा हवा.
तालांतने स्कॅनर लावून आकडा वाचला:
तिसरा सिलिंडर मिसिंग.
मी तोवर रबरी नळीचं एक टोक कानाशी धरलेलं.
टक्. मग काहीच नाही. मग टक्, टक्.
चौघांच्या चालीत एकाचं लंगडणं लपत नाही.

तिसऱ्याची पुढची कॉइल काढून पहिल्यावर बसवली,
पहिल्याची तिसऱ्यावर.
साधा हिशेब. खोड कॉइलची असेल
तर ती कॉइलबरोबर बिऱ्हाड हलवील.

बिऱ्हाड हललं नाही.
खोडच नाहीशी झाली.
चारही एका लयीत. तालांतने कोड पुसला,
दिवा पुन्हा लागेना.
"बरी झाली, उस्ता," तो म्हणाला,
आणि उमसुनायने पाकीट काढलं.

मी पाना हातात तसाच धरून.
गाडीचं दुखणं असं हवेत विरत नाही.
कुठेतरी पाणी मुरत होतं.

ह्या इंजिनात एकेका सिलिंडरला प्लग दोन.
एक पुढे, हाताशी.
दुसरा मागे, काचेखालच्या पत्र्याआड.
एक मेला तर उरलेला दोघांचं ओढतो,
दुखणं अंगावर काढतो,
पेट्रोल जरा जास्त जातं, इतकंच.
आजारी कॉइल पहिल्यावर गेली
तेव्हा त्याच्या मागच्याने सांभाळून घेतलं.
मग तिसऱ्याच्या मागच्याने का नाही घेतलं?

का, ते मला ठाऊक होतं.

दोन वर्षांपूर्वीचा जानेवारी, उणे अठ्ठावीस.
मागच्या चारांपर्यंत पोचायचं
तर आधी वायपर उतरवा, मग प्लास्टिकची पन्हळ,
मग तो पत्रा, त्याचे गंजके नट,
आणि कातडी लोखंडाला चिकटत होती.
मी पुढचे चार बदलले.
पैसे आठांचे घेतले.
उरलेले चार नवे प्लग डब्यातच राहिले,
पुढे कुणाला तरी विकले.

"थांब," मी उमसुनायला म्हणालो. "दीड तास लागेल."
वायपर. पन्हळ. पत्रा.
तिसऱ्याचा मागचा प्लग किंचाळत फिरला.
बाहेर आला तो तेलाने काळा,
टोक झिजून बोथट, म्हाताऱ्याच्या दाढेसारखं.
कारखान्यातून निघाला तेव्हापासून
त्याला कुणी हात लावलेला नव्हता.
मीही.

तिच्या तळहातावर तो ठेवला आणि सांगितलं,
सगळं, जानेवारीसकट.
तालांत हवा नसलेल्या टायरकडे बघत राहिला.

ती ओरडेल असं वाटलं होतं.
तिने प्लग नाकाशी नेला, हुंगला.
"दोन हिवाळे," म्हणाली,
"मागच्या सीटवर कधी तिघं, कधी चौघं.
एकदा बाळंतीण होती."

नवी कॉइल, आठ नवे प्लग, मजुरी नाही.
शिवाय तेव्हाचे चारांचे पैसे मोजून दिले.
तिने ते पुन्हा मोजले, शंभराची एक फाटकी नोट
बदलून मागितली, मी बदलली.
इंजिन सुरू केलं. खिडकी खाली करून
ती बराच वेळ नुसतं ऐकत बसली.
मग विचारलं,
"त्या हिवाळ्यात आणखी कुणाकुणाच्या?"

रस्त्याच्या वळणापर्यंत तिचा आवाज सलग होता,
मध्ये कुठेही रिकामी जागा नाही.

रात्री वही काढली.
अकरा फिट.
त्यातल्या नऊ जणांची नावं लागली,
सातांचे फोन.
तालांत म्हणतो, निम्म्या तर केव्हाच विकल्या गेल्या असतील.
असतील.
पहिला फोन वाजतोय.