काळीज

मुंजाजीनं मेलेली कोंबडी उताणी केली,
ब्लेडनं पोट उघडलं,
म्हणाला, "हे बघा काळीज."
मी छातीकडं बघत होते.
"तिथं नाही वहिनी. खाली असतं.
सगळ्यांचंच."

पिवळंफटक होतं, भिजल्या खडूसारखं,
बोट लावलं की चुरा.

चाळिसावी होती ती.
शेडच्या भिंतीवर मी कोळशानं रेघा मारीत होते,
चार उभ्या, पाचवी आडवी.

मग त्यानं मक्याचा कट्टा उपडा केला.
वरचा दाणा मोंढ्यात दाखवावा असा,
मधला गठ्ठा झालेला,
दाण्याच्या टोकाला हिरवीनिळी भुकटी
आणि ओल्या गोणपाटाचा वास.
तो वास मला आठ दिवसांपासून येत होता.
क्विंटलमागं दोनशे वाचले होते
म्हणून येत नव्हता.

मामंजी म्हणाले, उन्हात घाला, झटका, काय होतंय.
घातलं. झटकलं. दाणा पुन्हा देखणा झाला.
मुंजाजीनं मान हलवली :
"साप गेला, दात ठेवून गेला.
आधी हे बंद. पाला-औषध त्याच्यानंतर."

मग पाला.

हळदीच्या सरीतला भुईआवळा,
चार वर्षं मी रोजानं बाया लावून
तण म्हणून उपटला तो.
पान उलटं केलं तर पोटाखाली
मोहरीएवढी फळं, ओळीनं, लपवल्यासारखी.
पाटाच्या कडंला माका,
चुरगळला की बोटं काळी.
बांधावरची उन्हाळी, तिचं मूळ निघेना,
खुरप्याची मूठ निघाली.
सावलीत वाळवायचं, उन्हात नाही,
हे त्यानं दोनदा सांगितलं.

आणि हळद.
वसमतला राहायचं अन् हळद हुडकायची!
पोत्याच्या तळाची चुरी, व्यापाऱ्यानं नको म्हणलेली.
हळदीकडं बघून मी पोरीची फी मोजली होती,
बोअरचा हप्ता मोजला होता,
औषध कधी बघितलं नव्हतं.
"पिवळ्यावर पिवळं," सोजरमावशी उखळाशी बसून म्हणाली,
"नवरीला लावतात तशी. हिला आतून."

नवा मका आला, कोरडा, दातानं फोडून बघितलेला.
पूड मुंजाजीनं तागडीत तोलून दिली,
मुठीनं घालू दिली नाही.

मरतूक लगेच थांबली नाही.
नऊ. सहा. सहा. दोन.
काही वाचणारच नव्हत्या,
त्या पाल्यानंही वाचल्या नाहीत.
एक तर माझ्या तळव्यावर चोच टेकवून गेली.
मग एक दिवस भिंतीला कोळसा लागला नाही,
आणि मला तो कुठं ठेवलाय तेच आठवेना.

आता ते, जे मी मुंजाजीलाही सांगितलं नव्हतं.
त्याच मक्याचे दोन कट्टे
दसऱ्याआधी मी कुरुंद्याच्या नजमाबीला दिले होते,
तिच्या पंचवीस गावरानसाठी, उधारीवर.
तिनं माझा हात दोन्ही हातांत धरला होता.

टमटममध्ये पुडीचा डबा मांडीवर घेऊन गेले.
अंगणात अकरा कोंबड्या.
मी बोलायच्या आधी तीच म्हणाली,
"दुसरा कट्टा फोडलाच नाही बाई. वास येत होता.
तू एवढ्या मायेनं दिलेला,
परत कसा करावा?"

आम्ही दोघींनी खड्डा घेतला,
कुत्र्याला उकरता येऊ नये इतका खोल.
मका ओतला, वरून चुना, वरून माती.
मग तिनं डबा उघडला, वास घेतला,
झाकण लावता लावता विचारलं,
"ही माणसांना चालती का?"
म्हणाले, माहीत नाही.

ती चहा ठेवायला आत गेली.
मी उजव्या बरगडीखाली हात धरून
अकराच्या अकरा परत मोजत बसले.