हातचा

ढग त्याच्या नावावर होता.
घर माझ्या, गाडी बँकेच्या,
आणि अकरा वर्षांचे फोटो ढगात,
महिना आठ पौंड, त्याच्या कार्डावरून.
‘तीस तारखेला बंद करतोय,’ असा मेसेज,
शेवटी एक अंगठा. कशाला अंगठा, देव जाणे.

म्हणून रविवारी बसनं टॉडमॉर्डनला.
ऑग्डन म्हणून एक गृहस्थ, गॅरेजात;
लग्नांचे व्हिडिओ काढायचे म्हणे, गुडघे जाईपर्यंत.
चार खणांचा काळा डबा, पाट्यासारखा जड,
पस्तीस पौंड.
फडक्यानं पुसून त्यांनी तो माझ्या हातात दिला
आणि मुलीच्या बापासारखे दोनदा म्हणाले,
‘आवाज करतो थोडा. पण आहे गुणी.’
तिसऱ्या खणावर चिकटपट्टी, तिच्यावर पेनानं:
याच्यावर भरवसा नको.
विचारलं, तर खांदे उडवले.
‘सहा वर्षं झाली लिहून. अजून मेला नाही.’

रॉचडेलला, जेवणाच्या टेबलावर
वर्तमानपत्र पसरून संसार मांडला.
एक डिस्क ऊर्वीच्या जुन्या कॉम्प्युटरमधली,
युनिकॉर्नचं स्टिकर अर्धं निघालेलं.
एक टीव्हीच्या रेकॉर्डरमधली,
जन्मभर दुसऱ्यांचं क्रिकेट साठवत बसलेली.
एक चर्चजवळच्या दुकानातून, दोन पौंडांना,
कुणाची ते तिलाही आठवत नाही.
आणि ऑग्डनची, भरवसा नसलेली.

चालू केला की डबा प्रत्येकीचं वय सांगतो, तासांत.
ऑग्डनची बेचाळीस हजार तास जागी आहे.
म्हणजे पावणेपाच वर्षं, डोळ्याला डोळा नाही.
मी इन्फर्मरीत एक्स-रेच्या रात्रपाळ्या करते;
जागरणाचा आकडा मला कळतो.

मग पडद्यावर एक ओळ:
सगळं पुसलं जाईल. पुढे जायचं?
हो.
खात्री आहे?
इतकं स्वच्छ मला कुणी विचारलं नव्हतं,
वकिलानंसुद्धा.

सगळ्यात लहान डिस्क सगळ्यांची जागा ठरवते.
पंगतीत एखादं म्हातारं सावकाश जेवत असलं
की बाकीच्यांनी खरकटे हात वाळवत बसायचं, तसं.
मोठीतलं अर्धं रिकामं राहणार. राहू दे.

खरी गंमत पुढेच आहे.
तिघी आपापलं सांभाळतात,
चौथी नुसता हातचा धरते, तोही आळीपाळीनं.
उद्या एक गेली, तर उरलेल्या तिघी बसतात,
तुझे किती, माझे किती, हातचा किती,
आणि गेलेलीचा आकडा वजाबाकीनं जागेवर.
जोगबाईंनी चौथीत बोटांवर धरायला शिकवलेला हातचा
इथं गॅसच्या मीटरशेजारी उपयोगी पडेल
हे त्यांच्या स्वप्नातही नसणार.
पट्टी मात्र तेव्हाही त्यांच्या हातात असायची.

जुळणीला एकोणीस तास.
जिन्याखालच्या कपाटात, व्हॅक्यूम सरकवून ठेवला.
आमच्या भिंती पातळ; पलीकडून हॅलवेलबाईंनी
कचऱ्याचे डबे बाहेर काढताना विचारलं,
‘पाहुणा आलाय का गं?’
म्हटलं, हो. घोरतो थोडा.

अठ्ठावीसला ढगातलं शेवटचं उतरलं.
एकोणतीसला, परीक्षा म्हणून,
चालत्या डब्यातून मी तिसरा खण ओढून काढला.
किंचाळला. लाल दिवा.
मी तशीच उकिडवी, लॅपटॉप मांडीवर,
एक फोटो उघडला, हाताला येईल तो.
ब्लॅकपूल. ऊर्वीचे पुढचे दोन दात पडलेले,
आइस्क्रीम कोपरापर्यंत ओघळलेलं.
जरा अडखळला,
मग वरून खाली, पट्टी पट्टीनं, आला.
बाजूला तोही आला, हसत, आख्खा.
एकाला वगळायची सोय हातच्यात नाही.

खण परत सारला. तास पुन्हा पहिल्यापासून.
ऑग्डनच्या अक्षराखाली थोडी जागा होती.
तारीख घातली, आणि लिहिलं:
काढून पाहिला.
नसला तरी भागतं.