पाणी मिळेल का

देवरेशेठ म्हणाले, फोनवरच उरका.
वॉरंटी कार्डावरचे शंभर नंबर, दहा प्रश्न, चार दिवस.
द्वारकेच्या चौकात दुसऱ्या मजल्यावर
इरफान अत्तार आणि मी
कान तापेस्तोवर विचारत राहिलो,
तांब्याच्या बाटलीतून पाणी पिता का?
रोज, कधीकधी, कधीच नाही.

एकोणऐंशी जण म्हणाले, रोज.
बाकीचे गाडी चालवत होते.
एकाने पित्तावर पंधरा मिनिटं ऐकवलं.

मग ऑनलाइन फॉर्म.
शेठच्या पुतण्याने तो जिमच्या ग्रुपवर टाकला,
एका रात्रीत दोनशे उत्तरं,
सगळी एकाच वयाची, भरल्या दंडांची.
इरफान म्हणाला, टक्केवारी झकास येतेय.
मी म्हटलं, हे नाशिक नाही रे,
ही एक खोली आहे, आरसे लावलेली.

उरले पाय.
यादीतलं दर पंधरावं घर,
इंदिरानगर, सिडकोच्या स्कीमा, पंचवटीतले जिने,
आणि एप्रिल.
पहिल्याच घरी साहेबांनी तेच सांगितलं, रोज.
मला तहान लागली होती. खरीच.
"पाणी मिळेल का?"
पाणी आलं स्टीलच्या ग्लासात.
बाटली समोर शोकेसमध्ये उभी,
गळ्यात अजून कुणाच्या तरी लग्नातली सोनेरी फीत.

त्या दिवशी फॉर्मच्या कोऱ्या पाठीवर
पेन्सिलने एक रकाना आखला.
स्टील, काच, स्टील, कोल्ड्रिंकची जुनी बाटली,
स्टील, स्टील.
एकेचाळीस घरं. तांबं तीनदा.
पोटात डुचमळणारं पाणी घेऊन
मी सिटी बसने परत यायचे,
आणि रात्री वाटायचं,
न विचारता उचललेलं उत्तर
कुणाच्या मालकीचं?
पुस्तकात याला निरीक्षण म्हणतात.
आई म्हणाली असती, लोकांच्या घरात डोकावणं.
मी नावं खोडली. घर नंबरही.
तरी टोचायचं ते टोचायचंच.

पेठ रोडच्या गांगुर्डेबाईंनी पकडलं.
"मागच्या बाजूला काय लिहिता?"
सांगून टाकलं.
हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत,
मोरीतून बाटली आणून माझ्या हातात दिली.
"घाला बघू हात आत."
माझी तीन बोटंसुद्धा जाईनात.
"चिंच लावायची कशी? पाणी प्यायला काय,
आमचे हे पितीलही रोज.
फोन त्यांच्याकडेच आला होता ना?"

दहा प्रश्न होते आमचे.
पितं कोण, घेतं कुठून, किंमत जड जाते का.
घासतं कोण, हा नव्हता.
आणि वॉरंटी कार्डावर
शंभरातली शंभर नावं पुरुषांची.

शेठनी अहवाल वाचला, शेवटचं पान दोनदा.
टेबलावरची स्वतःची बाटली उघडली,
करंगळी आत घातली.
हिरवट निघाली.
बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले.
मग म्हणाले, पुढच्या खेपेला बायकांना कधी गाठायचं?
सकाळी की दुपारी?

मी म्हटलं, भांडी आटोपल्यावर.
आणि ते कधी आटोपतात
हेही आधी विचारावं लागेल.