उभ्या गाडीचं भाडं

सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा
गाडी जागची हलवायची नाही –
असं भाडं मला एकतीस वर्षांत पहिल्यांदाच मिळालं.

एरवी मी कोबी वाहतो,
गांगवोनच्या डोंगरातून सोलच्या बाजारात,
रात्री दोनच्या सुमाराला.
आज माझ्या पाठीवर दिव्यांची पाटी आहे,
भिंतीएवढी,
तिच्यावरून अक्षरं सरकतात:
आकडे दाखवा.
मग थोडा काळोख.
मग: आमचे पंख परत द्या.

कसले पंख, मी विचारलं.

वर्गणी काढून मला बोलावणाऱ्या सतराशे जणांपैकी
ती एकटीच आली होती,
ओक दा-ऊन. दातांच्या दवाखान्यात मदतनीस.
रजा टाकून,
माझ्यासाठी किंबाप आणि हात शेकायच्या दोन पुड्या घेऊन.
पंग्योमध्ये डिसेंबरात वारा
काचेच्या दोन इमारतींच्या मधून येतो
आणि नेमका मानेवर बसतो.

गेममध्ये एक पेटी असते, काका.
बाराशे वॉनला एक.
उघडली की तीन खुणा फिरतात,
तिन्ही सारख्या आल्या की पंख.

किती उघडल्यास?

ती बोटांवर मोजायला लागली,
मग हात खिशात घातला.
केस धुऊन उघडायचे, म्हणाली,
पहाटे चार चव्वेचाळीसला उघडायचे,
कुणीतरी म्हणालं उत्तरेकडे तोंड करून, तर तसं.
दोन वर्षं.
खोलीचं डिपॉझिट भरायचं होतं त्या पैशांत.

आणि मागच्या महिन्यात
रात्री अकराला कंपनीची चार ओळींची सूचना आली,
बारीक अक्षरात:
तिसरी खूण त्या पेटीत घातलेलीच नव्हती.
पहिल्या दिवसापासून.

कमी असती तरी चाललं असतं हो.
हजारात एक, लाखात एक.
मी तर आपल्याच नशिबाला बोल लावत होते.

मला गेममधलं ओ की ठो कळत नाही.
ह्यन-थेक शाळेत असताना
मी एकदा कात्रीनं कॉम्प्युटरची वायर कापली होती,
तेवढाच माझा संबंध.
त्या रात्री तो रडला नव्हता.
वायरीची दोन टोकं हातात धरून बसला होता.
ते मी तिला सांगितलं नाही.

पण मापात पाप म्हणजे काय, ते मला कळतं.
आमच्या बाजारात एकानं
काट्याखाली लोहचुंबक लावलं होतं,
तर पोरींनी, म्हाताऱ्यांनी, हमालांनी
त्याला मुळ्यांनी बडवला.
इथे कुणाला बडवायचं?
फिरत्या दारातून माणसं आत जातात,
पाटीकडे बघतात,
आणि लगेच मोबाइल बघतात.

पहारेकरी दोनदा आला.
पहिल्यांदा गाडी हटवा म्हणाला.
परवाना दाखवला.
दुसऱ्यांदा इकडेतिकडे बघून त्यानं विचारलं,
काका, ही निळ्या पंखांची गोष्ट का?
माझ्याकडे पण नाहीत.

चारच्या सुमाराला एक पोरगा बाहेर आला,
गळ्यातलं ओळखपत्र उलटं करून.
पाटी अख्खी फिरेपर्यंत उभा राहिला.
कॉफीचा गरम डबा माझ्या बंपरवर ठेवला
आणि मान खाली घालून गेला.
दा-ऊन तेव्हा शौचालय शोधायला गेली होती.
आल्यावर मी डबा तिला दिला.
कुणी दिला, विचारलंन.
आतल्या कुणीतरी, म्हणालो.
ती प्यायली नाही.
टाकलाही नाही तिनं.
हातात धरून बसली, गार होईपर्यंत.

सहाला पाटी विझवली.
आतून कुणी आलं नाही.
तिनं कमरेत वाकून मला नमस्कार केला,
मला उगाच लाजल्यासारखं झालं –
न हललेल्या गाडीचे पैसे खिशात होते माझ्या.

रात्री पाटी उतरवून कोबी भरला.
बाजाराच्या दाराशी काट्यावर गाडी चढवली.
काट्यावरच्या म्हाताऱ्यानं
रोजच्यासारखा आकडा मोठ्यानं वाचला.

मी म्हटलं, परत एकदा वाच.

बिघडलंय काही?

नाही रे. वाच नुसता.