दिव्यांच्या खोलीतली बाई

एकतीस वर्षं मी खाणीच्या तोंडाशी
दिवे वाटले.
पितळी बिल्ला घ्यायचा, खुंटीला अडकवायचा,
दिवा द्यायचा.
पाळी सुटली की दिवा घ्यायचा, बिल्ला द्यायचा.
एवढंच काम. बाकी सगळं
खालच्या अंधाराचं.

लोकांना वाटतं, वाट बघणं म्हणजे दाराकडे बघणं.
मी खुंट्यांकडे बघायचे.

आता खाण बंद. मनोऱ्यावरची चाकं गंजलीत.
सिलेशियातल्या या लाल विटांच्या गावात
डिसेंबर लागला की सहाच्या ठोक्याला, उजाडायच्या आत,
आगमनकाळाची मिस्सा असते.
चर्चमधले सगळे दिवे मालवलेले,
आणि पोरं आपापले कंदील घेऊन आत येतात.
कुणाचा पुठ्ठ्याचा, कुणाचा मुरंब्याच्या बाटलीचा,
गेरार्डच्या नातवाचा बॅटरीवरचा,
तो दर वर्षी ऐन वेळी विझतो.

मला तिथं बरं वाटतं. खरं सांगायचं तर
प्रवचनापेक्षा जास्त.
हातात दिवा घेऊन अंधारात शिरणारी माणसं
मी जन्मभर पाहिली,
फक्त इथली सगळी परत येतात.

पण यंदा फादर टिमोटेउश म्हणाले,
"वाट बघताय, छान आहे.
आणि तो जिन्यातच भेटला तर?"
माझ्या पोटात
पिंजरा खाली सुटावा तसं झालं.

जिन्यात मला रोझालिया भेटते. वरच्या मजल्यावरची.
एकोणीस वर्षं आम्ही बोललेलो नाही.
तिचा एवाल्ड त्या दिवशी उशिरा आला.
संत बार्बराच्या सणाचा आदला दिवस,
दाढी अर्धीच केलेली.
मी खिडकी लावून घेत होते.
"ओटिलिया, एवढा एक," म्हणाला.
मी दिला. भलेपणानं दिला.
सहाशे चौदा.
बिल्ला तीन दिवस खुंटीला लटकत राहिला,
मग कुणी साहेब येऊन पाकिटात घालून घेऊन गेला.

"तू नाही म्हणाली असतीस तर," ती एकदाच म्हणाली.
मी गप्प. माझं चुकलं नव्हतं.
चुकलं नव्हतं, म्हणूनच
माफी कशाची मागायची ते कळेना.

नाताळच्या आदल्या रात्री मी एक पान जास्तीचं मांडते,
टेबलावरच्या कापडाखाली मूठभर गवत, वर कोरी बशी,
अनोळखी पाहुण्यासाठी.
आमच्याकडे सगळेच मांडतात.
अनोळखी माणूस सोयीचा असतो.
तो येत नाही.

तिसऱ्या आठवड्यातल्या गुरुवारी
जिन्यातला बल्ब गेला.
ती पुढे, कठडा चाचपत.
मी मागून कंदील उंच धरला
तर तिच्यापुढे तिचीच सावली पसरली, पायऱ्या गिळत.
एकतीस वर्षं दिवे वाटून
एवढं कळलं नव्हतं, की पाठीमागून दिलेला उजेड
माणसाला आणखी अंधारात ढकलतो.

दोन पायऱ्या भराभर चढून शेजारी आले.
जिना अरुंद. खांद्याला खांदा घासला.
तिच्या कोटाला कापराचा वास.
पाठ केलेलं सगळं
खालच्या मजल्यावरच राहिलं.
"पडशील," म्हणाले.
ती थांबली. किती वेळ, ते सांगता येणार नाही.
कुठंतरी नळ गळत होता.
मग फाटक्या हातमोज्यातला हात पुढे आला.
"आण इकडे," म्हणाली.

देणारी मी नव्हतेच.
त्या घरातलं माणूस दुसऱ्यांदा
माझ्या हातून दिवा घेत होतं.
किती जड गेलं असेल तिला.
तिनं घेतला.

आज चोवीस तारीख. खसखस दळून झाली,
हातांना दुधाचा वास येतोय.
कंदील अजून तिच्याकडेच आहे.
दारामागची खुंटी रिकामी.
येता-जाता बघते.
परत न आलेल्या दिव्यानं
जन्मात पहिल्यांदाच
जिवाला घोर लावला नाही.

वर खुर्ची सरकली.
बशी पुसून ठेवलीय.
दार नुसतंच लोटलंय.