दोन फेऱ्या

मिहानच्या थंड खोलीत, रात्री अडीचला
गजभिये मॅडम मिलिसेकंद मोजत बसल्या.
इथं लिहायचं, हैदराबादला उमटायचं.
आधी विचारायचं, पाठवू?
तिकडून 'पाठव' येईस्तोवर थांबायचं,
मग पाठवून पुन्हा थांबायचं.
पाचशे किलोमीटर, एकेका नोंदीला दोनदा.

शेवटी त्यांनी स्विचला शिकवलं
शेजारच्या ठवकर काकूंसारखं वागायला:
आमच्या दाराला कुलूप, कुरिअरवाला फाटकाशी,
आणि काकू कूलरच्या आडूनच,
"ठेवून दे न बाप्पा!"

एक फेरी वाचली. रांग सरकली.

'पोचलं' हा शब्द मात्र
मॅडमनी काकूंच्या हाती दिला नाही.
तो तिकडूनच यायचा,
कितीही उशिरा.

बाहेर मे. पहाटेही भिंती तापलेल्या.
लेकाला काल पाठवलेला निरोप,
अजून एकच टिक.